रोगाचे मूळ शोधणाऱ्या डॉ. पद्मावती

थोरांची चरित्रे वाचावीत, असा उपदेश विद्यार्थ्यांना वारंवार केला जातो. परंतु त्यांतून नेमके काय घ्यावयाचे, हे फारसे कोणी सांगत नाही. पदव्या व पदके मोजून आपण पुस्तक मिटतो. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांच्या चरित्राचे तसे होऊ नये, असे आम्हांस वाटते. भारतातील पहिल्या स्त्री-हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पण ‘पहिल्या’ या शब्दापाशीच आपण थांबलो, तर त्यांच्या कार्याचे मर्म हातून निसटेल.

त्यांचा जन्म १९१७ साली ब्रह्मदेशात झाला. रंगूनच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पदवी मिळविली. १९४२ साली जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले, तेव्हा आई व बहिणींसह घरदार सोडून त्यांना कोइमतूर गाठावे लागले. युद्ध संपल्यावर त्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांना डॉ. हेलन टॉसिग या गुरू लाभल्या. टॉसिगबाईंना फारच कमी ऐकू येत असे. मुलांच्या छातीवर बोटे टेकवून त्या हृदयाचे स्पंदन पारखीत. १९५३ साली पद्मावती भारतात आल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागल्या.

हृदयाचा वैद्य म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियेची खोली व मोठमोठी यंत्रे येतात. यंत्रांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पद्मावतींनीही ती आपल्या रुग्णालयात आणलीच. परंतु त्यांचे खरे मोठेपण, आमच्या मते, त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नात आहे: हा रोग या माणसाला झालाच का?

एक उदाहरण पाहा. फुप्फुसांच्या जुनाट विकाराने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडून ते दुबळे होते. दिल्लीतील अशा रुग्णांचा अभ्यास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. धूम्रपान करणारे बहुतेक पुरुष. तरीही स्त्रियांत हा रोग जवळजवळ तेवढाच आढळला. याचे कारण स्वयंपाकघरात असावे, असे त्यांच्या ध्यानी आले. गोवऱ्या व लाकडे जाळून वर्षानुवर्षे चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या छातीत तो धूर साचत होता. घरोघरी जी गोष्ट नित्याची म्हणून कोणी पाहत नव्हते, ती या विदुषीने पाहिली.

दुसरे उदाहरण तर आपल्या बाकांवरचेच आहे. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी होतात. हा ताप मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना येतो आणि त्याचा आरंभ घशाच्या साध्या दुखण्यात असतो. त्या जंतूशी झुंजताना शरीराची संरक्षकशक्ती आपल्याच हृदयावर उलटते. वेळीच पेनिसिलिन मिळाले, तर पुढचा अनर्थ बहुधा टळतो. पद्मावतींनी या रोगाच्या अभ्यासाला व प्रतिबंधाला फार महत्त्व दिले. १९६२ साली त्यांनी अखिल भारतीय हृदय प्रतिष्ठान स्थापन केले, तेही हृदयरोग टाळण्याचे ज्ञान लोकांपर्यंत जावे म्हणून. १९८१ साली दिल्लीत राष्ट्रीय हृदय संस्था उभी राहिली. १९९२ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. २९ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाच्या साथीत, वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कोणी म्हणेल, एवढ्या थोर व्यक्तीच्या स्मरणात घसादुखीची व चुलीच्या धुराची गोष्ट कशाला? आमचे उत्तर असे की, तिचे खरे स्मरण तेथेच आहे. झडप निकामी झाल्यावर करावयाची शस्त्रक्रिया अत्यंत खर्चाची असते आणि गरिबाच्या मुलाला ती सहसा वेळेवर मिळत नाही. घशावरचे औषध मात्र स्वस्त आहे. जो समाज स्वस्त उपायाकडे दुर्लक्ष करतो आणि महागड्या उपायाचे गोडवे गातो, त्याने वैद्यांचे कितीही सत्कार केले तरी ते व्यर्थ होत.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, घसा दुखून ताप आला, किंवा पुढे सांधे सुजले, तर ते घरी लपवू नका. वैद्यांना दाखवा आणि त्यांनी दिलेले औषध अर्ध्यावर सोडू नका. शेजारच्या बाकावरील मित्राला दर तीन-चार आठवड्यांनी सुई टोचून घ्यावी लागत असेल, तर त्याची थट्टा न करता त्याला तिची आठवण द्या. घरात अजून चूल पेटत असेल, तर धूर बाहेर जाण्याची वाट आहे ना, हे पाहा. आणि आपल्यांतील एखाद्या मुलीने वैद्य होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर वडील मंडळींनी तिला पद्मावतींचे चरित्र अवश्य वाचावयास द्यावे.