अवकाशाचं तिकीट आहे का?

मागच्या आठवड्यात पोस्टात गेलो होतो. माहिती अधिकाराचं एक अपील पाठवायचं होतं. पूर्वी रजिस्टर करायचो, आता २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे रांग एकच. माझ्यापुढे शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी उभी होती. सातवी-आठवीची असेल. तिचा नंबर आला आणि तिने खिडकीतून विचारलं, "अवकाशाचं तिकीट आहे का?"

मागच्या दोघातिघांना हसू आलं. एक जण म्हणाला, "बाई, इथून नागपूरचंच भेटत नाही, अवकाशाचं कुठून भेटन?"

पोरगी बावरली नाही. २३ ऑगस्टच्या अंतराळ दिनासाठी सरांनी चार्ट करायला सांगितलाय, त्यावर खरं टपाल तिकीट लावायचंय, असं तिने नीट सांगितलं. रॉकेट, उपग्रह, चंद्र, काहीही चालेल. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, मी त्याला ओळखतो. तो म्हणाला, "तसले स्टॅम्प इथे येतच नाही बेटा. नागपूरला जा लागते, मोठ्या पोस्टात." मग माझ्याकडे बघून, जणू साक्ष काढतोय अशा स्वरात, "आता स्टॅम्प लावते कोण भाऊ? मशीनमधून पावती निघते, बारकोड चिकटवला की झालं."

त्याचं चुकीचं नाही. माझ्या स्वतःच्या अपिलावर तरी कुठे तिकीट होतं? पण मला ते लागलं. का लागलं ते सांगतो, थोडं लांबेल.

माझ्या पिढीच्या लोकांना दोन रुपयांची जुनी नोट आठवत असेल. मागच्या बाजूला एक विचित्र, अनेक कोनांचं काहीतरी होतं. आम्हाला लहानपणी ते काय आहे हे माहीतच नव्हतं. एक मित्र छातीठोकपणे सांगायचा की तो हिरा आहे. तो आर्यभट्ट होता, भारताचा पहिला उपग्रह, १९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत रॉकेटवरून गेलेला. हे मला शाळेने सांगितलं नाही, एका टपाल तिकिटाने सांगितलं. वडिलांच्या जुन्या पत्रांच्या पेटीत २५ पैशांचं तिकीट होतं, त्यावर तोच कोनाकोनांचा गोळा आणि खाली नाव. नोटेवरचा हिरा त्या दिवशी उपग्रह झाला.

त्याच पेटीत आणखी एक होतं, १९७२ चं, २० पैशांचं. त्यावर नाव आर्वीचं. आमच्या भागात आर्वी म्हटलं की वर्ध्याची. मी आईला म्हटलं, आपली आर्वी तिकिटावर! वडिलांनी दुरुस्त केलं. ही जुन्नर तालुक्यातली आर्वी, नारायणगावजवळची. तिथे देशाचं उपग्रह दळणवळणाचं केंद्र उभं राहिलं, भली मोठी तबकडी, जिच्यातून परदेशी फोन आणि तार उपग्रहामार्गे जाऊ लागली. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. साराभाई ३० डिसेंबर १९७१ ला गेले. वर्षभराने, पहिल्या पुण्यतिथीला त्यांच्यावरही तिकीट निघालं, तेही २० पैशांचंच.

हे २० आणि २५ पैसे लक्षात ठेवा, माझा मुद्दा तिथे आहे. ती त्या काळात साध्या पत्राला लागणारी किंमत होती. म्हणजे आर्वीची तबकडी आणि आर्यभट्ट कुणाच्या अल्बमसाठी छापलेले नव्हते. ते भावाने बहिणीला लिहिलेल्या, भाच्याच्या बारशाचं बोलावणं असलेल्या पाकिटावर बसून गावोगाव गेले. ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हतं तिथे उपग्रह पोचला तो असा. आणि मग १९८४. राकेश शर्मा अंतराळात गेले, आपण त्यांचं तिकीट काढलं, ते ३ रुपयांचं. साध्या पत्राला तेव्हा इतके पैसे लागतच नव्हते. त्यामुळे देशातल्या प्रत्येक पोराला ज्याचं नाव पाठ होतं, तो माणूस त्या पोराच्या घरी पत्रावरून आलाच नाही. मला वाटतं गाडी तिथे कुठेतरी रुळ बदलून गेली. तिकीट पाकिटावरून उतरलं आणि अल्बममध्ये जाऊन बसलं.

तिकडे अमेरिकेने काय केलं बघा. फेब्रुवारी १९६२. जॉन ग्लेन पृथ्वीला प्रदक्षिणा घालणार होता. रशियाचा गागारिन आधीच जाऊन आलेला, त्यामुळे अमेरिकेची इभ्रत पणाला. त्यांच्या टपाल खात्याने गुपचूप एक ४ सेंटचं तिकीट तयार केलं. चित्रकार चार्ल्स चिकरिंग, त्यांनी ऑफिसात सुटीवर जातोय असं भासवलं आणि घरी बसून चित्र काढलं. छपाई लपूनछपून. मग सीलबंद पाकिटं देशभरातल्या ३०५ पोस्ट ऑफिसांत पाठवली, हुकूम येईपर्यंत उघडायची नाहीत या ताकिदीसह. पोस्टमास्तरला आत काय आहे ते माहीत नाही. २० फेब्रुवारीला ग्लेन सुखरूप समुद्रात उतरला, हुकूम सुटला आणि त्याच दुपारी लोक खिडकीवर जाऊन त्या मोहिमेचं तिकीट विकत घेत होते. मोहीम फसली असती तर ते तिकीट कुणी पाहिलंच नसतं.

यातलं गुपिताचं नाट्य सोडा. मला यातली त्या खिडकीवरची श्रद्धा महत्त्वाची वाटते. देशात काहीतरी मोठं घडलं तर त्याचा तुकडा सामान्य माणसाला त्याच दिवशी, त्याच्या पोस्टात, चार सेंटला मिळाला पाहिजे, असं कुणालातरी वाटलं होतं.

आता कुणी म्हणेल, भाऊ, तिकीट म्हणजे सरकारी जाहिरातच ना? अगदी बरोबर. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा आमचे सर सांगायचे, प्रेसनोटमध्ये काय लिहिलंय ते सगळेच वाचतात, तुम्ही काय लिहिलेलं नाही ते वाचा. अवकाशाच्या तिकिटांना हा नियम फार छान लागू पडतो. १९५७ ला रशियाने लायका कुत्रीला वर पाठवलं, रुमानियाने तिच्यावर लगेच तिकीट काढलं, ती जगाची लाडकी झाली. ती काही तासांतच उष्णतेने मेली होती हे जगाला कळलं २००२ साली. गागारिनच्या यानाच्या नावाने जी सोव्हिएत तिकिटं निघाली त्यावरचं रॉकेट चित्रकाराच्या मनातलं होतं, कारण खऱ्या यानाचा आकार १९६५ पर्यंत गुपित होता. आणि ज्याने हे सगळं उभं केलं तो सर्गेई कोरोल्योव्ह, त्याचं नाव तो जिवंत असेपर्यंत त्याच्या देशात छापायची सोय नव्हती. १९६६ मध्ये माणूस गेला, मग नाव जाहीर झालं, मग तिकिटावर फोटो. आपल्याकडे म्हणतात ना, जित्यापणी नाही गोडी आणि मेल्यावर बांधली माडी.

तर तिकीट खोटं बोलू शकतं. पण निदान ते बोलतं, आणि त्यावर तारीख असते. पन्नास वर्षांनी कुणीतरी ते हातात घेऊन विचारू शकतं की तेव्हा तुम्ही असं का सांगितलं. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या चांद्रयानाच्या पोस्टरला हे विचारता येत नाही. ते कुणी केलं, कधी केलं, पत्ता नाही.

दुसरी बाजूही सांगतो, कारण तिकीटवाले साधुसंत आहेत असा कुणाचा समज नको. साठच्या दशकाच्या शेवटी अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन या वाळवंटातल्या छोट्या अमिरातींच्या नावाने अवकाशवीरांची रंगीत तिकिटं ढिगाने छापली गेली. तिथल्या टपालाशी त्यांचा संबंध नावापुरता. आमच्या शाळेबाहेर पाकिटात मिळायची ती बहुतेक हीच. मोठी, चकचकीत, आणि किंमत शून्य. आणि अपोलो १५ चं प्रकरण तर खुद्द चंद्रावरचं. १९७१ मध्ये डेव्हिड स्कॉटने चंद्रावर उभं राहून नव्या तिकिटावर अधिकृत शिक्का मारला, ते टीव्हीवर दाखवलं. पण त्याच यानात परवानगीशिवाय नेलेली सुमारे ४०० पाकिटं होती. त्यातली १०० एका जर्मन तिकीट व्यापाऱ्याकडे गेली आणि विकलीही गेली. बोभाटा झाला, नासाने तिघांना तंबी दिली, त्यांच्यापैकी कुणीही पुन्हा अवकाशात गेलं नाही. चंद्रावर चालून आलेला माणूस पाकिटापायी अडकला. लोभाला गुरुत्वाकर्षण लागत नाही.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट प्लुटोची आहे. १९९१ मध्ये अमेरिकेने ग्रहांची मालिका काढली. प्रत्येक ग्रहाच्या तिकिटावर तिथे गेलेल्या यानाचं चित्र. प्लुटोला कुणी गेलंच नव्हतं, म्हणून त्याच्या २९ सेंटच्या तिकिटावर नुसता गोळा आणि खाली ओळ, 'अजून धांडोळा घेतलेला नाही'. शास्त्रज्ञांना ते झोंबलं. मोहिमेसाठी पैसे मागताना तेच तिकीट दाखवलं जाऊ लागलं. २००६ मध्ये न्यू होरायझन्स यान निघालं तेव्हा ते २९ सेंटचं तिकीट यानावर चिकटवलेलं होतं. साडेनऊ वर्षं प्रवास करून १४ जुलै २०१५ ला यान प्लुटोजवळून गेलं. त्या दिवशी शास्त्रज्ञांनी तिकिटाची मोठी प्रत हातात धरून फोटो काढला, 'अजून नाही' हे शब्द खोडून. पुढच्या वर्षी टपाल खात्याने नवं तिकीट काढलं, प्लुटोच्या खऱ्या फोटोचं.

आपण काय केलं नाही तेही तिकिटावर छापायचं, ही हिंमत मला फार मोठी वाटते. आपल्याकडे कुठल्याही कार्यालयाला हे जमेल? आमच्या नगरपालिकेने कोनशिलेवर 'काम अजून झालेलं नाही' असं कोरलेलं मला जिवंतपणी बघायचंय.

असो. तर ती मुलगी. तिला तिकीट हवं असेल तर काय करावं लागेल? नागपूरला जायचं. बसचं तिकीट टपालाच्या तिकिटाच्या कितीतरी पट. किंवा २०० रुपये भरून फिलाटेली खातं उघडायचं, मग नवी तिकिटं घरी येतात. किंवा ऑनलाइन. हे सगळं आहे, नाही असं नाही. टपाल खात्याची 'स्पर्श' नावाची शिष्यवृत्तीसुद्धा आहे, २०१७ पासून. सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला ६ हजार रुपये, देशभरात ९२० जणांना. अट अशी की शाळेत फिलाटेली क्लब हवा, नाहीतर मुलाच्या नावावर ते खातं हवं. मी आमच्या तालुक्यातल्या चार शाळांत विचारलं. तीन मुख्याध्यापकांनी योजनेचं नाव ऐकलेलं नव्हतं. चौथ्यांनी विचारलं, "फिलाटेली म्हणजे कोणता खेळ?"

हसू नका. ज्या वस्तूचं दर्शनच तालुक्याला होत नाही तिचा क्लब कोण काढणार? ज्या मुलाने कधी तिकीट पाहिलं नाही त्याने तिकिटांच्या परीक्षेला बसायचं, ही आपली रीत. आधी विहीर दाखवा, मग पोहायची स्पर्धा घ्या.

माझं मागणं मोठं नाही. देशाच्या अवकाश कामावर तिकीट निघेल तेव्हा ते साध्या पत्राच्या किमतीचं, पाच रुपयांचं असू द्या, आणि त्याची एक-दोन शीटं प्रत्येक तालुक्याच्या पोस्टात पोचू द्या. खपणार नाहीत? नसतील खपत. रॉकेटवर जो खर्च होतो त्यात ही शीटं कुठल्या कोपऱ्यात मावतील ते सांगायला गणित लागत नाही. आणि खिडकीतल्या माणसाला एवढंच सांगा की कुणी मागितलं तर बारकोडबरोबर एक तिकीटही लावून दे. अवकाश संशोधनाचे पैसे आमच्याही तालुक्यातून गेलेत. त्याची पावती नागपूरला जाऊन घ्यायची काय?

त्या संध्याकाळी मी वडिलांची पेटी काढली. आर्वीचं तिकीट माझ्याकडे दोन होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन एक त्या पोरीला दिलं. तिने नाव वाचलं आणि तोच प्रश्न विचारला, "काका, आपली आर्वी?" मी जुन्नरची गोष्ट सांगितली. परवा चार्ट बघायला गेलो तर आर्वीचं तिकीट मधोमध, चारही कोपऱ्यांना डिंक लावून घट्ट चिकटवलेलं. संग्राहकांनी पाहिलं तर झीट येईल. खाली तिने स्केचपेनने लिहिलं होतं, 'आर्वी (वर्ध्याची नाही)'.

मी अर्ज केलाय. आमच्या जिल्ह्यातल्या किती पोस्टांत गेल्या पाच वर्षांत स्मारक तिकिटं विक्रीला आली, एवढंच विचारलंय. अर्जासोबतची दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर त्याच खिडकीवर लगेच मिळाली. उत्तर आलं की इथेच टाकतो.