दहा इंचांचा पडदा आणि आपली गल्ली

आपल्याकडे घरात पहिली गाडी बहुतेक वेळा सेकंडहँड येते. दहा वर्षं वापरलेली वॅगन आर, स्विफ्ट, नाहीतर धंद्यासाठी घेतलेली ईको. आरसी बुक नावावर व्हायच्या आधीच घरातल्या पोरांची फर्माईश सुरू होते : जुना टेप काढू, मोठी स्क्रीन बसवू. दुकानात दहा इंचांचा अँड्रॉइड पडदा चमकत असतो, बाजूला वूफर धडधडत असतो. "भाई, ह्यात मॅप पण आहे, यूट्यूब पण आहे," असं ऐकलं की अब्बांच्या खिशातून दहा-बारा हजार निघतात, किंवा आणखी एक हप्ता डोक्यावर बसतो. माझं म्हणणं असं की आपल्यापैकी बहुतेकांना ह्या पडद्याची गरज नाही. ज्या गोष्टीची खरोखर गरज आहे ती दुकानात मिळतच नाही. तिच्याकडे नंतर येतो, आधी पडदा.

मॅपबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. अक्कलकोटच्या पुढे मोबाइलची रेंज गेली की लोक म्हणतात, "जीपीएस गेलं." जीपीएस जात नाही. उपग्रहाचे सिग्नल आपला फोन फक्त ऐकत असतो. त्याला सिमकार्ड लागत नाही, नेट लागत नाही, पैसे पडत नाहीत. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला आणि पुढे ट्रॅफिक आहे का ते कळायला. म्हणून घरच्या वायफायवर सोलापूर, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी एवढा पट्टा गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन उतरवून ठेवला, तर रेंज नसतानाही रस्ता दिसत राहतो. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड ही मोफत ॲप्स तर नेटशिवाय चालण्यासाठीच बनवलेली आहेत. मॅपल्स हे आपल्या देशातल्या मॅपमायइंडिया कंपनीचं ॲपही लावून बघण्यासारखं आहे.

आता स्वस्त अँड्रॉइड पडद्याकडे बघा. त्यात स्वतःचं सिम बहुधा नसतं, म्हणजे नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून घ्यायचं. त्याचा जीपीएस अँटेना वेगळ्या वायरीवर येतो. फिटिंगवाल्याने तो घाईत डॅशबोर्डच्या आत पत्र्यामागे कोंबला, की गाडी पुण्याच्या रस्त्यावर आणि बाण शेजारच्या ज्वारीच्या शेतात. डब्यावर लिहिलेली मेमरी आणि आतली मेमरी यांची गाठ पडेलच असं नाही. सॉफ्टवेअरचं अपडेट विकल्यानंतर सहसा येत नाही. त्यात मूळ वायरी कापून जोडल्या असतील, तर सकाळी गाडी सुरू होत नाही आणि बॅटरीवाल्याच्या फेऱ्या सुरू होतात. हे सगळं सोसून शेवटी काम कोण करतं? खिशातला फोनच.

पडदा घ्यायचाच असेल, धंद्याची गाडी असेल, दिवसाचे दहा तास तिच्यात जात असतील, तर अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले चालणारा घ्या. "आत अँड्रॉइड आहे" आणि "अँड्रॉइड ऑटो आहे" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात त्यांची सरमिसळ हमखास होते. अँड्रॉइड ऑटोमध्ये मॅप फोनवरच चालतो, पडदा फक्त तो दाखवतो. उद्या फोन बदलला की गाडीतला मॅपही आपोआप सुधारतो. गाडी चालू असताना तो व्हिडिओ दाखवत नाही. दुकानदार ही उणीव म्हणून सांगेल, माझ्या मते ह्यासाठीच तो घ्यावा. मोजमाप लक्षात ठेवा : जुन्या टेपची अरुंद जागा म्हणजे सिंगल डिन, १८० बाय ५० मिलिमीटर, दुप्पट उंचीची डबल डिन, १८० बाय १००. आपल्या मॉडेलचा कप्लर मागून घ्या आणि फिटरला एकही वायर कापू देऊ नका. कापावीच लागेल म्हणाला, तर दुसरा फिटर बघा.

पडदा डोळ्यांचं काय करतो, तो हिशेब स्वतः करून बघा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते. गाणं बदलायला दोन सेकंद नजर खाली गेली, तर ४४ मीटर गाडी बिनडोळ्यांची चालली. सोलापूर–पुणे रस्त्यावर रात्री दिवे न लावता उभा असलेला उसाचा ट्रॅक्टर ह्याहून कमी अंतरावर अचानक दिसतो. जुन्या टेपच्या आवाजाची गोल खुंटी बोटाला न बघता सापडायची. काचेच्या सपाट पडद्यावर प्रत्येक गोष्ट बघूनच दाबावी लागते. तरुणांना हे पटवणं अवघड आहे, कारण पडदा भारी दिसतो. दिसतोच.

कायदाही माहीत असू द्या. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, आणि तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे स्टँडवर लावलेला मॅप चालतो, मांडीवर ठेवलेला फोन चालत नाही, आणि सिग्नलला व्हॉट्सॲप तर नाहीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगसाठी पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड आहे, शिवाय कैदेचीही तरतूद आहे.

तेव्हा माझी निवड : फोन, काही शेकड्यांत येणारा चांगला स्टँड, आणि लायटरच्या सॉकेटचा चार्जर. स्टँड कुठे लावायचा ह्यात मात्र सोलापूरचा विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो; उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतलं विचारूच नका. ॲपल स्वतः सांगते की आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. पुढच्या काचेला चिकटवलेला फोन थेट उन्हात येतो, तापतो, आधी पडदा मंद करतो आणि मग बंद पडतो, नेमका हैदराबाद रोडच्या फाट्यावर. म्हणून एसीच्या जाळीला लावायचा स्टँड बरा. थंड वारा फोनलाही लागतो. एसी नसेल तर डाव्या हाताला खाली, सावलीत.

आणि एअरबॅगच्या झाकणावर काहीही लावू नका. २०२१ पासून नव्या गाड्यांत चालकाशेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची आहे. तिच्या झाकणावर तशी अक्षरं कोरलेली असतात. आपल्याकडे नेमक्या त्याच सपाट जागेवर आयतुल कुर्सीची फ्रेम, काबा शरीफचं छोटं मॉडेल किंवा अत्तराची बाटली दुहेरी टेपने चिकटवायची पद्धत आहे. मोबाइलचा स्टँडही तिथेच. भावना समजते. पण टक्कर झाली तर ते झाकण पापणी लवायच्या आत फाटतं, आणि त्यावरची वस्तू थेट शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते. आरशाला लटकवलेली तस्बीहही डोळ्यांसमोर हलत राहते. दोन्ही ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

गाण्यांबद्दल. गाणी ऐकावीत की नाही ह्यावर काही घरांत वेगळाच वाद असेल. तो इथे नको. कव्वाली लावा, नात लावा, तिलावत लावा किंवा अजय-अतुल. लावताना एक गोष्ट पाळा : गाणी आणि रस्ता सांगणारा आवाज एकाच यंत्रातून येऊ द्या. दोन्ही फोनवरून ब्लूटूथने स्पीकरला गेले, तर "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणताना फोन गाण्याचा आवाज आपोआप खाली आणतो. पण गाणी पेनड्राइव्हवरून आणि मॅप फोनच्या बारक्या स्पीकरवरून असेल, तर कव्वालीच्या टाळ्यांत वळण केव्हा मागे पडलं ते कळत नाही. मग अचानक ब्रेक, नाहीतर महामार्गावर उलट दिशेने मागे येणं. अपघात तिथे होतात. जुन्या टेपला ब्लूटूथ नसेल, तर लायटरमध्ये घालायचा एफएम ट्रान्समीटर स्वस्तात काम भागवतो. गाव बदललं की त्याच फ्रिक्वेन्सीवर एखादं स्टेशन घुसतं, एवढी कटकट. सूचनांचा आवाज हिंदीत असो की इंग्रजीत, तुम्हाला विचार न करता कळतो तोच ठेवा. वूफरवर पैसे घालू नका, हे वेगळं सांगायला नको. पण सांगतो, कारण ॲम्ब्युलन्सचा सायरन बंद काचेआड तसाही उशिरा ऐकू येतो.

टेप काढलात तरी रेडिओ सोडू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा सोलापूर–पुणे आणि सोलापूर–विजयपूर ह्या दोन्ही महामार्गांवरची वाहतूक थांबवावी लागली. ऑफलाइन मॅपला पाणी दिसत नाही. अशा दिवशी आकाशवाणीच्या बातम्या, पोलिसांची सूचना आणि मोहोळमधल्या ओळखीच्या माणसाला निघण्याआधी केलेला एक फोन जास्त कामाचा.

इथून मूळ प्रश्नाकडे येतो. पडदा पाच इंचांचा असो की दहा, त्यावरचा नकाशा खरा आहे का? जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेल्या तिघांची गाडी रात्री मॅपच्या सांगण्यावरून अकोले तालुक्यात कोतूळजवळच्या पुलाकडे गेली. पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. गावातल्या शाळकरी पोरालाही तो पूल पाण्यात गेल्याचं माहीत असणार. मॅपला माहीत नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी पडून तिघे गेले. तिथे पुलाचा भाग पुरात आधीच वाहून गेला होता आणि रस्ता अडवलेला नव्हता. दोन्ही वेळा सगळं खापर ॲपवर फुटलं. मला ते अर्धंच पटतं. रस्ता बंद आहे हे रस्त्यावर लिहिणं सरकारचं काम आहे. आणि ते नकाशात जाण्यासाठी कुणीतरी ते नोंदवावं लागतं.

आपल्या मोहल्ल्यांत हे "कुणीतरी" फार कमी आहेत. बेगम पेठेत किंवा नई जिंदगीत पाहुणे चारचाकी घेऊन येतात तेव्हा काय होतं ते आठवा. मॅपला गल्ली रेघेसारखी दिसते. ती नऊ फुटांची आहे, मध्ये पायऱ्या आहेत, टोकाला हातपंप आहे, हे दिसत नाही. मग गाडी अडकते, मागे रिक्षा, आणि चार पोरं आरसे दुमडून ती बाहेर काढतात. लग्नात हे हसण्यावारी जातं. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स मुख्य रस्त्यावर थांबून "मशिदीच्या पुढं की मागं?" विचारते, तेव्हा जात नाही. गुगलने जुलै २०२४ मध्ये चारचाकींना अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोय भारतात जाहीर केली. सुरुवातीच्या आठ शहरांत इंदूर, भोपाळ, हैदराबाद, कोइमतूर होती. महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. सोलापूरचा नंबर कधी लागेल ह्याची वाट बघत बसण्याचं कारण नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला खुला नकाशा कुणालाही मोफत खातं उघडून दुरुस्त करता येतो. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड त्यावरच चालतात. गल्लीची रुंदी किती, एकेरी आहे का, चारचाकी जाते का, पायऱ्या कुठे, दवाखाना कुठे, सगळं नोंदवायला त्यात जागा आहे. नावं तर एकाच ठिकाणाची मराठीत, उर्दूत, कन्नडमध्ये स्वतंत्र लिहिता येतात, जुनं नावही वेगळं ठेवता येतं. सोलापूरकरांना हे विशेष उपयोगी. घरातली मोठी माणसं ख्वाजा बंदानवाजांच्या उरुसाला निघताना "गुलबर्गा" म्हणतात, रस्त्यावरची पाटी २०१४ पासून कलबुर्गी म्हणते, आणि हद्द ओलांडली की पाट्या कन्नडमध्ये. नावं का बदलली ह्यावर बोलायचं आहे ते वेगळ्या लेखात बोलू. गाडी चालवणाऱ्याला दोन्ही नावांनी ठिकाण सापडलं पाहिजे. गुगल मॅप्समध्येही चुकीचा रस्ता कळवता येतो, चुकीचं नाव बदलायला सुचवता येतं; तिथे तपासून घेणं न घेणं कंपनीच्या हाती.

विजापूर वेशीत रमजानच्या संध्याकाळी मीना बाजार भरतो तेव्हा कुठून गाडी जात नाही, संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा कोणता रस्ता बंद होतो, आषाढीला पंढरपूरची वाहतूक कशी वळवतात, हे इथल्या रिक्षावाल्याला तोंडपाठ आहे. एका गल्लीची रुंदी, पायऱ्या आणि नावं भरायला दोन मुलांना एक दुपार पुरते. एकाकडे मोजायची टेप, दुसऱ्याकडे फोन. सुरुवात दवाखान्याकडे जाणाऱ्या गल्लीपासून करा.