पडद्याआडची शाळा

शेठजी-भटजींनीं विद्या कुलुपांत ठेवली, हें आम्ही जोतीरावांच्या काळापासून सांगत आलों आणि तें खरेंच आहे. परंतु कुलूप निघाल्यावर चुलीपुढच्या बाईपर्यंत पाटी कोणी नेली, हें आम्ही स्वतःस क्वचितच विचारतों. म्हणून आज कुलसुम सयानी ह्या मुसलमान बाईंचें कार्य वाचकांपुढें ठेवतों. रेडिओवरील अमीन सयानी ह्यांच्या त्या मातोश्री.

बाईंचा जन्म १९०० सालीं गुजराथेंत झाला. वडील डॉक्टर, पति डॉक्टर. राजकारणांत त्या गांधीजींच्या अनुयायी. आमच्या चळवळीचें त्या गोटाशीं बरेंच दिवस वांकडें होतें. तथापि शेजाऱ्याचें बीं चांगलें असेल तर कुणबी तें मागून आणतो. बांधाचें भांडण मध्यें आणीत नाहीं.

१९३८-३९ च्या सुमारास मुंबईंत प्रौढशिक्षणाचें काम जोरांत सुरू झालें. गोषांतल्या बायका शाळेंत येणें शक्य नव्हतें. बाईंनीं शंभर रुपये आणि दोन शिक्षिका एवढ्या भांडवलावर शाळाच त्यांच्या घरीं नेली. "बायका येत नाहींत" असा शेरा मारून त्या बसल्या नाहींत.

दुसरें काम त्याहून मोलाचें. नव्यानें शिकलेल्या माणसास वाचावयास कांहीं मिळालें नाहीं तर शिकलेलें अक्षर पुसून जातें, हें कोणाही मास्तरास ठाऊक आहे. बाईंनीं १९४० सालीं 'रहबर' म्हणजे वाटाड्या हें पाक्षिक काढलें. भाषा सोपी हिंदुस्थानी. लिप्या तीन, नागरी, उर्दू व गुजराती. फाळणीच्या वणव्यांतही तें बंद पडलें नाहीं. १९६० पर्यंत, वीस वर्षें, चाललें.

आतां आपल्याकडे पाहूं. १८५६ सालच्या सावित्रीबाईंच्या पत्रांत फातिमेचें नांव आहे. १९४२ च्या जुलैंत ह्याच नागपुरांत बाबासाहेबांसमोर दलित भगिनींची प्रचंड परिषद भरली. एवढी पुण्याई पाठीशीं असून २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांतील दर शंभर स्त्रियांत सुमारें चोवीस निरक्षर निघाल्या! त्या कोणाच्या घरच्या? शेतमजुराच्या, विणकराच्या, गोंडाच्या, मोमिनाच्या. शेठजींच्या खास नव्हेत.

सरकारनें २०२२ पासून 'उल्लास' नांवाचा साक्षरता कार्यक्रम काढला आहे. हेतु चांगला, पण शिकविणारा बिनपगारी स्वयंसेवक. निरक्षरांची नोंद करा, परीक्षा घ्या, प्रमाणपत्र द्या! त्यापुढें ती बाई वाचणार काय? प्रमाणपत्र कांहीं रोज वाचतां येत नाहीं.

आमचें मागणें थोडकें आहे. मोहल्ल्यांतली किंवा वाडीवरचीच शिकलेली सून अगर लेक निवडा आणि तिला रोख वेतन द्या. वर्ग दुपारीं, बायकांना फावेल त्या वेळीं, त्यांच्याच ओसरीवर भरवा. ग्रामपंचायतीच्या खर्चानें मोठ्या टायपाचें पत्र मराठींत, उर्दूंत, गोंडींत घरोघर पोंचवा. त्यांत रेशन, सातबारा, मजुरीचा दर हेंच छापा.

आणि बंधूंनो, सरकारवर बोट ठेवून मोकळे होऊं नका. सत्यशोधक म्हणविणाऱ्याच्या घरांत आई अंगठा उठवीत असेल, तर सभेंतलें त्याचें व्याख्यान फुकट होय.