लेकुरवाळी

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, समुद्र नाही. मग इथे मासे धरायला बसलं, तर खेकड्याशी गाठ कशी पडणार? मलाही असंच वाटायचं. पण कॉलेजात असताना एकदा अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला गेलो आणि चांगलीच अद्दल घडली!

पावसाळा नुकताच लागला होता. प्रवरेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी मी गळ टाकून बसलो होतो. शेजारी एक ठाकर आजोबा होते. गळाला गांडूळ लावावं, दोरा हलावा, ओढून बघावं तर गांडूळ गायब! असं तीनदा झालं. चौथ्यांदा दोरा हळूच वर घेतला, तर टोकाला एक काळपट खेकडा लोंबकळत होता.

वाटलं, काठावर येताच पळेल. छे! त्याने दोन्ही नांग्या उगारल्या आणि माझ्याकडेच तोंड करून उभा राहिला. एवढासा जीव, पण ऐट पैलवानाची! मी हात पुढे केला मात्र, त्याने माझा अंगठाच धरला.

“आजोबा, वाचवा!” मी ओरडलो.

“वढू नको रं पोरा, नांगी तुटंल. हात पाण्यात घाल नि गप ऱ्हा.”

मी तसं केलं. थोड्या वेळाने पकड सुटली.

आपण ‘नांगी टाकणे’ म्हणतो ते हार मानण्याला. खेकडा मात्र खरोखरच नांगी टाकतो, ती निसटून जाण्यासाठी! शत्रूने पाय किंवा नांगी धरली, तर ती सांध्यातून तोडून तो पसार होतो. पुढे कात टाकताना तिथे नवी फुटते. आधी लहान असते, मग प्रत्येक कातीबरोबर वाढत जाते.

आजोबांनी खेकडा पाठीमागून अलगद धरला आणि उलटा केला. पोटाखाली एक रुंद, गोलसर झाकण होतं. नराचं झाकण अरुंद, त्रिकोणी असतं. म्हणजे ही मादी होती. आजोबांनी झाकण जरासं उचललं, आणि काय सांगू! आत ज्वारीच्या दाण्याएवढी कितीतरी पिल्लं वळवळत होती. प्रत्येकाला इवल्याशा नांग्यासुद्धा!

“लेकुरवाळी हाय. म्हून चिडली व्हती,” असं म्हणून आजोबांनी तिला पाण्यात सोडलं. माझा अंगठा ठणकत होता, पण राग कुठच्या कुठे गेला.

समुद्रातल्या चिंबोरीची गोष्ट निराळी. ती एका वेळी लाखो अंडी घालते. त्यातून निघालेले जीव खेकड्यासारखे दिसतही नाहीत. ते लाटांबरोबर दूरवर वाहत जातात आणि रूपं बदलत मोठे होतात. आपल्या ओढ्यातल्या खेकड्याची अंडी मात्र शेकड्यांतच मोजावी लागतात. ती आई पोटाशी धरते. अंड्यातून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्याच पोटाशी राहतात.

म्हणून हे खेकडे आपला ओढा सोडून फार लांब जात नाहीत. सह्याद्रीत वेगवेगळ्या भागांत त्यांच्या वेगवेगळ्या जाती आढळतात, त्याचं हेही एक कारण. २०१६ साली शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या अशा खेकड्यांच्या पाच नव्या जाती जगापुढे आणल्या. पण याची दुसरी बाजूही आहे, बरं का! समुद्रकाठचे खेकडे कमी झाले, तर लाटांबरोबर नवे येऊ शकतात. ओढ्यातल्या आया धरून नेल्या, तर तिथे नवे खेकडे आणायला लाट येत नाही.

पहिल्या पावसात खेकडे बिळांतून बाहेर पडतात. घाटमाथ्यावरची माणसं रात्री उजेड घेऊन ते धरायला निघतात. खेकड्याचा झणझणीत रस्सा तुमच्याही घरी होत असेल. खुशाल खा! फक्त धरणाऱ्या मोठ्या माणसांना एक सांगा: आधी उलटा करून बघा. झाकणाखाली अंडी किंवा पिल्लं दिसली, तर तिला परत पाण्यात सोडा.

आणि हो, पावसाळ्यात ओढ्याला कधी लोंढा येईल, सांगता येत नाही. एकट्याने जायचं नाही, आई-बाबांना बरोबर घ्यायचं. एखादा खेकडा नांग्या उगारून समोर उभा राहिलाच, तर दोन पावलं मागे सरा. कोण जाणे, लेकुरवाळी असेल!