अंतर, वेळ आणि मुसाफिराची नमाज

कॅनडाच्या अगदी उत्तरेला दोन छोटी गावे आहेत. पश्चिमेला इनुविक, पूर्वेला इकालुइट. दोन्ही ठिकाणी विमानतळ आहे आणि अलहम्दुलिल्लाह, दोन्ही ठिकाणी मशीदही आहे. इनुविकची मशीद २०१० साली विनिपेग शहरात बांधून ट्रकने आणि पुढे मॅकेन्झी नदीतून तराफ्यावर सुमारे ४,००० किलोमीटर नेण्यात आली. इकालुइटची मशीद २०१६ मध्ये सुरू झाली.

या दोन गावांमधील सरळ अंतर साधारण २,८५० किलोमीटर. थेट जेट विमान असते तर साडेतीन-चार तासांचा प्रवास. पण प्रवासी नकाशावरच्या रेषेने जात नसतो. वाटेत यलोनाइफला उतरून दुसरे विमान धरायचे, हवामान बिघडले तर तिथेच थांबायचे. इकालुइटला बाहेरून येणारा रस्ताच नाही. शिवाय दोन्ही गावांच्या घड्याळांत दोन तासांचा फरक. पूर्वेकडे जाताना दिवस आखडतो, जोहरनंतर असर आणि मगरीब लवकर गाठतात.

इतक्या दूरचे उदाहरण आम्ही घेतले ते एका नेहमीच्या प्रश्नासाठी. विमानात आरामात बसून तीन तासांत पोहोचतो, त्रास काहीच नाही, मग कसर कशासाठी?

जुन्या फुकहांनी सफर मुक्कामांत मोजली. हनफी मसलकात तीन दिवसांची वाट, शाफई मसलकात दोन मुक्कामांची. आजच्या हिशेबाने दोन्ही अंतरे ८० किलोमीटरच्या आसपास येतात. दोन्हीकडे पाहिले जाते ते अंतर. ते उंटावर कापले की विमानाने, यावर हुकूम बदलत नाही.

हाच सवाल हजरत उमर (रजि.) यांच्याही मनात आला होता. कुरआनात सूरह निसामध्ये कसरचा उल्लेख शत्रूच्या भीतीसोबत आला आहे. मग आता शांतता असताना कसर का? रसूलुल्लाह (स.) यांच्या उत्तराचा आशय असा की, ही अल्लाहने तुम्हाला दिलेली देणगी आहे, ती स्वीकारा. भीती गेली तरी देणगी राहिली. तसाच थकवा कमी झाला तरी ती राहते.

म्हणून घरातून निघण्याआधी एवढे ठरवून घ्यावे. जोहर, असर आणि इशाचे फर्ज चाराऐवजी दोन. फजर आणि मगरीब आहे तशीच. हनफी मसलकात ही कसर वाजिब आहे आणि प्रत्येक नमाज आपापल्या वेळेत. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या बहुतेक कोकणी घरांत, कसर ही सवलत आहे, आणि जोहर-असर, मगरीब-इशा एकत्र करण्याचीही मुभा आहे. पोहोचल्यावर किती दिवस राहायचे तेही पाहावे. हनफींकडे पंधरा दिवसांचा इरादा झाला की माणूस मुकीम होतो. शाफईंकडे येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवसांचा. बारकावे आपल्या आलिमांना विचारावेत.

मुंबईहून दुबईला जाणाऱ्या मुलाची बॅग भरताना आई लोणचे, औषधे, कागदपत्रे सारे आठवणीने ठेवते. वाटेत कोणती नमाज कुठे येईल, याचाही हिशेब त्याच वेळी घरात झाला, तर विमानतळावरच्या धावपळीत ती सुटणार नाही.