आधीं निदान, मग उपाय

माधवकरानें रचलेला ‘रोगविनिश्चय’ हा वैद्यकग्रंथ ‘माधवनिदान’ या नांवानें सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत औषधयोजना नाहीं. रोग ओळखावा कसा, एवढाच त्याचा विषय. रोग ओळखण्याचीं साधनें तेथें पांच मानलीं आहेत : निदान म्हणजे रोगाचें कारण, पूर्वरूप म्हणजे रोग येण्याआधीं दिसणारीं चिन्हें, रूप म्हणजे प्रकट झालेलीं लक्षणें, उपशय म्हणजे कशानें बरें वाटतें तें पाहून केलेली परीक्षा, आणि संप्राप्ति म्हणजे रोग वाढत जाण्याचा क्रम. मनुष्यदेहासाठीं सांगितलेली ही पद्धति अंगणांतल्या मोटारीस लावली तर कोणी हंसेल. परंतु सकाळीं चावी फिरविली आणि गाडी सुरू झाली नाहीं, म्हणजे घराघरांत जो गोंधळ उडतो, तो पाहतां या पांच साधनांचें स्मरण अस्थानीं होणार नाहीं.

एकत्र कुटुंबांत माणसें बारा आणि गाडी एक, अशी स्थिति असते. वडील मंडळींचें औषधपाणी, मुलांच्या परीक्षा, लग्नकार्यें, सारें तिच्यावर अवलंबून. ती अडली कीं एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो सेल्फ गेला, तिसरा माणसें जमवून गाडी ढकलावयास लावतो. तीन उपाय एकदम केल्यानें गाडी सुरू झालीच, तरी कशामुळें झाली हें कोणास उमगत नाहीं. पुढच्या खेपेस पुन्हां तोच पाढा.

म्हणून प्रथम रूप पाहावें. चावी फिरवितांना गाडी काय करते, तें शांतपणें ऐकावें. याचे प्रकार तीन.

पहिला प्रकार : इंजिन फिरतच नाहीं. एकदांच ‘टक्’ असा आवाज होतो, किंवा टकटक अशी मालिका ऐकूं येते, किंवा कांहींच होत नाहीं. अशा वेळीं पुढचे दिवे लावून दुसऱ्या माणसास समोर उभें करावें. सेल्फ मारतांच दिवे मंदावले वा विझले, तर बॅटरी उतरली आहे अथवा तिच्या जोडणींत दोष आहे. दिवे जसेच्या तसे तेजस्वी राहिले, तर बॅटरीस बहुधा दोष नाहीं. फ्यूज, रिले, सेल्फ किंवा त्यांच्या तारा यांकडे पाहावें. मात्र त्याआधीं सोप्या गोष्टी तपासाव्या. कित्येक नव्या गाड्यांत क्लच दाबल्यावांचून सेल्फ लागत नाहीं. स्वयंचलित गिअरची गाडी ‘पी’ किंवा ‘एन’ वर नसेल तर ती ढिम्म राहते. आणि मोटारसायकलच्या मुठीवरील इंजिन बंद करण्याचा तांबडा खटका नातवंडांच्या हातून केव्हां दाबला जातो, हें कळतही नाहीं.

दुसरा प्रकार : इंजिन जोरानें फिरतें, पण पेट घेत नाहीं. येथें बॅटरीच्या मागें लागूं नये. तिनें आपलें काम केलेलें आहे. पेट्रोलच्या इंजिनास हवा, इंधन, दाब आणि योग्य क्षणीं ठिणगी, अशा चार गोष्टी लागतात. डिझेलला ठिणगीची गरज नाहीं. दाबानें तापलेल्या हवेंत तें आपोआप पेटतें. तेव्हां आधीं टाकींत इंधन आहे ना, तें पाहावें. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडींत चावी चालू करतांच टाकीच्या बाजूनें पंपाची बारीक गुणगुण दोन-तीन सेकंद ऐकूं येते. ती नसेल तर पंप किंवा त्याचा फ्यूज तपासून घ्यावा. चावीचें चित्र असलेला दिवा लुकलुकत असेल, तर गाडीनें चावी ओळखलेली नाहीं. कपाटांतली दुसरी चावी लावून पाहावी. डिझेलची टाकी पार कोरडी होईपर्यंत गाडी चालविली असल्यास नळींत हवा शिरते, आणि ती काढल्यावांचून नुसतें डिझेल ओतून भागत नाहीं.

तिसरा प्रकार : गाडी सुरू होते आणि लगेच बंद पडते. येथें इंधनाचा पुरवठा, कोंदलेला फिल्टर किंवा न ओळखलेली चावी, यांकडे संशय न्यावा.

आतां कारणाकडे वळूं. आमच्या कुणकेश्वरांत देवळाच्या पायथ्याशींच समुद्राच्या लाटा येतात. वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण गांवभर पसरतात, हवेंतला ओलावा शोषून घेतात आणि धातूस गंज चढवितात. तांब्याच्या भांड्यास हिरवा कळक चढतो तो गृहिणी चिंचेनें घासून काढतात. तसाच कळक गाडीच्या तारांच्या टोकांस चढतो, पण तेथें तो कोणी पाहत नाहीं. येथील रोगाची संप्राप्ति अशी : खारा वारा, मग गंज, गंजामुळें विजेस अडथळा, अडथळ्यामुळें अशक्त सेल्फ, आणि अखेरीस एके दिवशीं निःशब्दता.

गेल्या हंगामांतली गोष्ट. शेजारच्या एका बागायतदाराची पिकअप हापूसच्या पेट्या भरून संध्याकाळीं वाशीच्या बाजारास निघावयाची होती. पिकलेला आंबा कोणाची वाट पाहत नाहीं. घरचा मुलगा धांवत आला आणि म्हणाला, “गुरुजी, नवी बॅटरी हाडून घातलंय, तरी गाडी चालू होना नाय!” आम्हीं व्होल्टमापक लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. आणि सेल्फ मारतांनाही आंकडा जवळजवळ हलेना. याचा अर्थ उघड होता : वीज आहे, पण ती पुढें वाहत नाहीं. ऋण तार जेथें बोल्टानें गाडीच्या अंगास जोडली होती, तेथें गंजाचा पापुद्रा निघाला. पॉलिशकागदानें जागा घासून बोल्ट आवळला आणि इंजिन पहिल्याच फेरींत सुरू झालें. नव्या बॅटरीचे पैसे मात्र उगाच गेले.

दुसरें कारण चाकरमान्यांच्या घरीं आढळतें. गणपतीस आलेली गाडी गांवीं ठेवून मंडळी मुंबईस जातात. नव्या गाडींत चावी काढल्यावरही घड्याळ, कुलूप इत्यादींसाठीं थोडी वीज खर्च होत राहते. ती ३० मिलिअँपिअर धरली, तरी महिन्याकाठीं सुमारें २२ अँपिअर-तास होतात. आणि लहान मोटारीची बॅटरी सुमारें ३५ अँपिअर-तासांची. दिवाळीस ती निर्जीव आढळली तर नवल काय? गाडी दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास ऋण तार सोडून ठेवावी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि ती उतरली तर तीही गाडी जागची हलत नाहीं, हें लक्षांत ठेवावें. तिसरें कारण उंदीर. पावसाळ्यांत उबेसाठीं ते इंजिनाशेजारीं शिरून तारा कुरतडतात.

उपशयाचा नियम एकच : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची जोड देतांच गाडी सुरू झाली, तर दोष बॅटरीकडे किंवा ती भरणाऱ्या यंत्रणेकडे आहे. सुरू झालेल्या इंजिनावर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास आंकडा दिसला, तर भरण नीट चाललें आहे असें समजावें. जोड देतांना तांबडी तार दोन्ही बॅटरींच्या धन टोकांस लावावी. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास, आणि तिचें दुसरें टोक अडलेल्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु स्फोटक असतो; म्हणून तेथें काडी ओढून कधींही पाहूं नये. टोकें साफ करतांना ऋण तार आधीं सोडावी व शेवटीं लावावी. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून घासावें, कोरडें करावें, आणि तार आवळून वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा.

एक पथ्य कडक आहे. गाडी भरतीच्या किंवा पुराच्या पाण्यांत बुडाली असेल, तर चावी फिरवूंच नये. इंजिनांत शिरलेलें पाणी दाबलें जात नाहीं; दांडा वाकतो आणि थोडक्यांत निभावणारें दुखणें प्राणावर बेततें.

पूर्वरूप तर बहुधा दिसतच असतें. सकाळीं सेल्फ रेंगाळूं लागतो, दिवे पिंवळट होतात, घड्याळ मागें पडतें. तेव्हांच लक्ष घातलें, तर मध्यरात्रीं धांवपळ होत नाहीं. तरीही ती वेळ आलीच, घरांत कोणाच्या छातींत दुखूं लागलें आणि गाडी अडली, तर निदान करीत बसूं नये. २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आधीं तो क्रमांक फिरवावा, शेजाऱ्यास हांक मारावी, आणि गाडीचें सकाळीं पाहावें.

हें सर्व केवळ घरच्या कर्त्या पुरुषानें जाणावें, असें नाहीं. पुरुष मंडळी बहुधा बाहेर असतात तेव्हांच प्रसंग येतो. सुना, मुली व शाळकरी मुलें यांस एखाद्या रविवारीं बॉनेट उघडून बॅटरी, फ्यूजची पेटी आणि ऋण तार दाखवावी. दिव्यांची परीक्षा करावयास पैसा लागत नाहीं. लागतें तें केवळ दोन मिनिटांचें धैर्य.