यंत्रांशी गप्पा : निरोप कुठं हरवला?

दोस्तांनो, या आठवड्यात घाटनांदूरहून एक पत्र आलंय. लिहिणारी नववीत शिकते. ती म्हणते, "आमची मारुती ८०० माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. हल्ली ती डावीकडं ओढते. शिवाय स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं लगेच वळत नाहीत. पप्पा म्हणतात, जुन्या गाडीत एवढं चालायचंच. खरंच चालतं का?"

शाब्बास! प्रश्न असा विचारावा. पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, हे मात्र आधी ध्यानात घ्या. गाडी ओढते ही एक आणि स्टिअरिंग ढिलं झालंय ही दुसरी. पहिलीनं बहुतेक वेळा टायरची वाट लागते. दुसरी जिवावर बेतू शकते. ऊसतोडीच्या दिवसांत अंबाजोगाईच्या किंवा परळीच्या रस्त्यावर समोरून उसानं गच्च भरलेली ट्रॉली येते, तेव्हा गाडी वीतभर बाजूला घ्यायची म्हणजे घ्यायचीच असते. त्या क्षणी "थांबा, माझी चाकं जरा उशिरा वळतात" असं कुणाला सांगणार?

दोष शोधण्याआधी स्टिअरिंग करतं तरी काय, ते बघू. घाटनांदूरला रेल्वे स्टेशन आहे, परळी वैजनाथ ते लातूर रोड या मार्गावरचं. तिथं उभ्या असलेल्या इंजिनात डोकावलंत तर सगळं दिसेल, पण स्टिअरिंग दिसणार नाही. रेल्वेच्या चाकाचा घेर आतल्या बाजूला किंचित मोठा आणि बाहेर किंचित लहान असतो, म्हणून वळणावर चाकंच आपोआप रुळाबरोबर वळतात. आतल्या बाजूची कडा त्यांना रुळावरून उतरू देत नाही. बैलगाडीला वळवायचं काम बैल करतात. मोटारीला ना रूळ, ना बैल. तिला फक्त ड्रायव्हरचे दोन हात. ते हात आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडाची एक साखळी असते.

मारुती ८०० मध्ये ही साखळी अगदी सरळ आहे. स्टिअरिंग फिरलं की त्याचा दांडा फिरतो. दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते एका लांब दातेरी पट्टीला डावी-उजवीकडं सरकवतं. चाकाला म्हणतात पिनिअन, पट्टीला रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना टायरॉड जोडलेले असतात आणि टायरॉडच्या टोकाला, चाकाजवळ, एक गोटीसारखा सांधा. त्याला मिस्त्री लोक टायरॉड एंड म्हणतात. आपल्या खांद्यात कसा गोल हाडाचा सांधा असतो, तसाच तो. हाताचा निरोप एकेका भागाच्या हातून पुढं जातो आणि शेवटी चाकाला पोचतो. वर्गात कानगोष्टीचा खेळ खेळता ना? पहिल्यानं सांगितलं एक आणि शेवटच्याला ऐकू आलं भलतंच, असं झालं तर मधल्या कुणाकडं तरी गडबड झालेली असते. स्टिअरिंगचा दोष शोधायचा म्हणजे हेच करायचं: निरोप नेमका कुणाकडं हरवला, ते बघायचं.

आणखी एक गंमत. वळताना पुढची दोन्ही चाकं सारखी वळत नाहीत. मित्राचा हात धरून गोल फिरून बघा. आतल्याचा गोल लहान, बाहेरच्याचा मोठा. म्हणून आतलं चाक जास्त वळवावं लागतं. ही युक्ती मोटारीच्याही आधीची, घोडागाड्यांच्या काळातली. म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याला ती सुचली आणि १८१८ मध्ये लंडनच्या रुडॉल्फ अ‍ॅकरमननं तिचं पेटंट घेतलं. नाव राहिलं अ‍ॅकरमनचं! असो. दोन चाकांमधला हा हिशेब टायरॉडची लांबी सांभाळते. टायरॉड वाकला किंवा सांधा झिजला की हिशेब बिघडतो आणि गाडी टायर खायला लागते.

आता पत्रातली पहिली तक्रार, गाडी ओढते. गॅरेजचा रस्ता धरण्याआधी पुढच्या दोन्ही टायरमधली हवा तपासा. टायर गार असताना, दोन्हींत सारखी आणि गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी. हवा कमी असलेल्या बाजूला गाडी ओढते. हा फुकटचा उपाय सोडून लोक थेट अलाइनमेंटच्या मशीनवर पैसे घालतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. हवा बरोबर असूनही गाडी ओढत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी बदलून बघा. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग नको.) आधी डावीकडं ओढणारी गाडी आता उजवीकडं ओढायला लागली, तर दोष टायरमध्ये आहे. तशीच डावीकडं ओढत राहिली, तर दोष गाडीत आहे. किती सोपा प्रयोग! तुमच्या विज्ञानाच्या वहीत शोभेल असा.

एक फसगत मात्र टाळा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून चांगली गाडीसुद्धा डावीकडं किंचित सरकते. परीक्षा घ्यायची ती सपाट, मोकळ्या मैदानावर. गाडी मोठ्यांनी चालवायची, तुम्ही शेजारी बसून नोंदी करायच्या. अठरा पूर्ण नसलेल्यानं मोटार चालवून गुन्हा केला, तर २०१९ मध्ये बदललेल्या कायद्यानुसार पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा "मैदानच तर आहे" हा युक्तिवाद घरी करूच नका.

ब्रेक दाबल्यावरच गाडी ओढत असेल तर स्टिअरिंगला दोष देऊ नका, तो ब्रेकचा मामला आहे. चार-पाच किलोमीटर चालवून थांबल्यावर पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. लावू नका हं, नुसता जवळ न्या. एका चाकातून जास्त धग येत असेल तर तिथला ब्रेक अडकून बसलाय.

टायर स्वतःही बरंच बोलतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहत होती, मधला भाग झिजला तर जास्त. आडवा तळहात फिरवून बघा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं खरखरीत लागलं, तर चाकं एकमेकांना समांतर नाहीत, रस्त्यावर घासत चालली आहेत.

काही जणांच्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतं. ते कधी थरथरतं, हे विचारा. ठरावीक वेगाला थरथर सुरू झाली आणि वेग बदलला की थांबली, तर चाकाचं बॅलन्सिंग गेलंय. पण आपल्या काळ्या रानातून गाडी आणली असेल तर आधी रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखल काढा. मूठभर ढेकूळ एका बाजूला चिकटलं तरी वेगात फिरणारं चाक नाचायला लागतं. हळू चालतानाही स्टिअरिंग डुलत असेल, तर रिम वाकलीय किंवा टायरला फुगवटा आलाय. असा टायर त्याच दिवशी उतरवायचा.

आता दुसरी, खरी भीतीची तक्रार. स्टिअरिंग फिरवलं आणि चाकं हलायच्या आधी ते जितकं रिकामं फिरलं, त्याला गॅरेजमध्ये प्ले म्हणतात. "स्टिअरिंगला प्ले आहे" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. थोडासा प्ले प्रत्येक गाडीत असतो. मग किती चालतो? घाटनांदूरच्या मैत्रिणीला वाटलंही नसेल, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर चक्क कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम सांगतो, की हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. ३० अंश म्हणजे घड्याळात बाराच्या आकड्यापासून एकच्या आकड्यापर्यंत. स्टिअरिंगचा व्यास ३८ सेंटिमीटर धरा. परीघ साधारण ११९ सेंटिमीटर, त्याचा बारावा भाग सुमारे १० सेंटिमीटर. ही झाली शेवटची मर्यादा, आणि ती लहान-मोठ्या सगळ्या वाहनांसाठी आहे. दातेरी पट्टीच्या छोट्या मोटारीत तीन-चार सेंटिमीटर प्ले जाणवला तरी मी गाडी घाटात नेऊ देणार नाही.

का, ते बघा. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. रिकाम्या फिरण्यात अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात ती आठ मीटर पुढं गेलेली असते. शिवाय झिजलेला सांधा रोज आणखी झिजतो. आणि एक दिवस गोटी वाटीतून निसटली, तर ते चाक कुणाचंच ऐकत नाही. स्टिअरिंग हातात, चाक स्वतःच्या मर्जीनं.

प्ले मोजायला स्टिअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीची खूण करा. चाकं सरळ, गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. इंजिन बंद, पण किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडवलेलं. (पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत इंजिन चालू ठेवावं लागतं, म्हणून तिथं हे काम मोठ्यांचंच.) आता एका बोटानं स्टिअरिंग हळूच डावीकडं, मग उजवीकडं. चाक हलायला लागेपर्यंत खूण किती सरकली, ते पट्टीनं मोजा.

मग दोघांचं काम. एकानं स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडं हलवायचं. दुसऱ्यानं पुढच्या चाकामागं वाकून टायरॉड बघायचा, बोटं चाकाच्या फटीत न घालता. गाडीखाली शिरायचं नाही. टायरॉड हलतोय, पण सांध्यापलीकडचं चाक क्षणभर थांबून "टक" करून हलतंय? निरोप तिथंच हरवला. टायरॉड एंड गेला. टायरॉडच उशिरा हलतोय? मग दोष त्याच्या आधी, रॅकमध्ये किंवा दांड्याच्या जोडणीत. सांध्यावरची रबरी टोपी बघायला विसरू नका. ती फाटली की आतलं ग्रीस बाहेर आणि धूळ आत. एकदा धूळ शिरली की सांध्याचं आयुष्य संपत आलंच म्हणून समजा. ९८ व्या नियमात या रबरी टोप्यांचाही उल्लेख आहे, बघा!

यापुढची तपासणी मिस्त्रींनी करायची, तुम्ही बघायची. ते चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, हातानं हलवतात. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं आणि चाक लटपटलं, तर बहुधा टायरॉड. बारा आणि सहाच्या जागी धरून लटपटलं, तर चाकाचं बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगतात. लटपट थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर जॉइंट. आहे की नाही हुशारी? आणि एक कायमचं ऐकून ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही. जॅक सटकायला वेळ लागत नाही.

स्टिअरिंग जड झालं असेल तरीही सुरुवात हवेपासूनच. हवा ठीक असेल तर पुढची चाकं उचलून स्टिअरिंग फिरवून बघतात. उचलल्यावर हलकं झालं तर गडबड टायर किंवा अलाइनमेंटची. तरीही जड असेल तर सांधे किंवा रॅक कोरडी पडली आहे. पूर्ण वळवल्यावर पुढच्या चाकातून टकटक येत असेल तर तो दोष स्टिअरिंगचा नाही. मारुती ८०० मध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्या ॲक्सलचा सांधा वाजत असतो.

कुणाच्या घरी प्रीमिअर पद्मिनी किंवा जुनी जीप असेल, तर तिथं दातेरी पट्टीऐवजी स्टिअरिंग बॉक्स असतो आणि साखळीत सांधे जास्त. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या पद्मिनीच मुंबईत वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून धावल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटचीही निवृत्त झाली. बॉक्सवर प्ले कमी करायचा एक स्क्रू असतो. सांधे न तपासता तोच आवळून टाकण्याची घाई काही जण करतात. जास्त आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि बॉक्सचे दाते झिजतात ते वेगळंच.

तर घाटनांदूरच्या मैत्रिणी, पप्पांना सांग, हवा आजच तपासायची आणि प्ले मोजायचा. खूण तीन-चार सेंटिमीटर सरकली तर गाडी लांब न्यायची नाही, जवळच्या मिस्त्रींना दाखवायची. झिजलेला सांधा आधी बदलायचा, अलाइनमेंट त्याच्यानंतर. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते. नवा टायरॉड एंड बसवल्यावर नटाला पिन असेल तर ती नवी घातली का, ते तूच वाकून बघ. आणि गाडी सरळ जाताना स्टिअरिंगच्या आऱ्या सरळ आहेत की तिरक्या, तेही कळव. पुढच्या अंकात ब्रेक.